हात धुतले होते का?

(बारावी विज्ञान, १९९८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "तू पुण्याला नेमकं काय करतेस ते सांग, पण सगळ्यांना समजेल असं सांग." मूलमध्ये माझ्या आईला कोणी हे विचारलं तर ती म्हणते, "पोरगी मशीनच्या आतलं लिहिते." याच्यापेक्षा सोपं मला सांगता येत नाही. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअरिंग केली, पुण्याला नोकरी लागली, आणि गेली बरीच वर्षं मी रक्तातली साखर मोजणाऱ्या छोट्या मशीनचं, म्हणजे ग्लुकोमीटरचं, सॉफ्टवेअर लिहिते. आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी ते मशीन असणार. आपलं वयच आता तसं झालंय.

त्या मशीनबद्दल सांगते. आणि माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते, जी मी आजवर घराबाहेर कुठे बोलले नाही.

पण सुरुवात आपल्या प्रयोगशाळेपासून. अकरावीचं सॉल्ट ॲनालिसिस आठवतं? खिडकीजवळचं टेबल, स्पिरिटचे दिवे, आणि त्या काळ्या पडलेल्या बोटांवरून घरी खाल्लेल्या शिव्या. सिल्व्हर नायट्रेटचे डाग आठवडाभर जात नसत. एका परीक्षेत मला आलेल्या सॉल्टमध्ये मी सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, नळीत पांढरं झालं, आणि मी ऐटीत लिहिलं, "क्लोराइड." सर आले. त्यांनी वही पाहिली नाही, नळी पाहिली आणि विचारलं, "नळी कशानं धुतली होती?"

डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं. मी म्हटलं, "नळाच्या पाण्यानं, सर."

सरांनी दुसरी नळी घेतली, त्यात नुसतं नळाचं पाणी भरलं आणि तेच दोन थेंब टाकले. तीही नळी दुधाळ झाली. सर म्हणाले, "चांदीला सॉल्टमधलं क्लोराइड आणि नळातलं क्लोराइड यातला फरक कळत नाही. तो तुला कळायला पाहिजे." दहापैकी दोन मार्क मिळाले. सर, तुम्ही विसरला असाल. मी विसरले नव्हते, पण ते कशासाठी सांगितलं होतं हे कळायला मला पुढे वीस वर्षं लागली.

आता मशीनकडे येते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब काढायचा, पट्टीच्या टोकाला लावायचा, पाच सेकंदांत आकडा येतो. त्या पाच सेकंदांत काय होतं? रक्तात शेकडो पदार्थ असतात. त्यातून एकट्या ग्लुकोजला ओळखायचं आहे. ग्लुकोजचा रेणू अगदी लहान, रंग नाही, वास नाही, त्याच्यावर विजेचा भारही नाही. ओळखायचा कसा?

ओळखण्याचं काम एक एन्झाइम करतं, आपल्या पुस्तकातलं विकर. ग्लुकोज ऑक्सिडेज हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध, ते एका बुरशीपासून मिळतं. त्याच्यासमोर शेकडो पदार्थ गेले तरी ते फक्त ग्लुकोजला धरतं आणि त्याच्याकडचे इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचले की बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. त्या प्रवाहाचा आकडा करायचा, एवढंच माझं सॉफ्टवेअर करतं. अशा साधनाला विद्युत-रासायनिक सेन्सर म्हणतात.

ही कल्पना लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाची. १९५६ मध्ये त्यांनी द्रवात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड जगापुढे आणला आणि १९६२ मध्ये त्याला एन्झाइमची जोड देऊन ग्लुकोज मोजायची वाट दाखवली. पुढे अशा सेन्सरमध्ये एन्झाइमच्या क्रियेतून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमवर मोजत. त्यासाठी सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट लावावे लागत. अडचण अशी की एवढ्या दाबाला क जीवनसत्त्व, युरिक ॲसिड आणि आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉल, हे सगळेच इलेक्ट्रॉन देऊ लागतात. मशीनला वाटतं, साखर आली. मग १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी फेरोसीन नावाचा मध्यस्थ वापरला. तो एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि कमी व्होल्टला इलेक्ट्रोडकडे पोचवतो, त्यामुळे बाकीच्यांची लुडबूड पुष्कळ कमी होते. १९८७ मध्ये पेनाएवढं ग्लुकोमीटर बाजारात आलं ते याच तंत्रावर.

तरी लुडबूड पूर्ण संपली नाही. आपल्या गेटवरचे शिपाईकाका आठवा. गॅदरिंगच्या दिवशी पांढरा शर्ट आणि खाकी पँट पाहून ते पोरांना आत सोडत. पलीकडच्या शाळेचाही गणवेश तोच. त्यामुळे दरवर्षी त्यांची दहा-बारा पोरं आपल्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत! काही पट्ट्यांमध्ये वेगळं एन्झाइम वापरत, त्याला ग्लुकोज आणि माल्टोज यांतला फरक नीट कळत नसे. किडनीच्या काही रुग्णांना डायलिसिससाठी जे द्रावण देतात, त्यातून शरीरात माल्टोज तयार होतं. मशीन त्यालाही साखर समजून मोठा आकडा दाखवी, त्यावर इन्सुलिन दिलं जाई, आणि खरी साखर आधीच कमी असलेला माणूस दगावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. तोवर अशा १३ मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे झाली होती.

हे सगळं मला माहीत होतं. आमच्या ऑफिसात नवीन मुलांना हे शिकवायचं काम माझ्याकडे होतं. आणि तरीही पुढचं घडलं.

माझी आत्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका गावी राहते. तिला बरीच वर्षं मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. मशीन मीच पाठवलेलं, आम्ही बनवतो तेच. एप्रिल महिना होता. सकाळी अकराच्या सुमारास आतेभावाचा फोन आला. "ताई, मायची साखर ३६८ आली. काय करू?" एरवी तिची साखर १६०-१७० च्या आसपास असायची. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. आतेभावाने विचारलं, "मशीन चुकलं तं नसंल ना?"

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं आठवतं. मी म्हणाले, "अरे, मशीन मी बनवते. ते चुकत नाही." आणि सहा युनिट इन्सुलिन जास्तीचं द्यायला सांगितलं. मी डॉक्टर नाही. माझा तो अधिकारच नव्हता.

एकच्या सुमारास पुन्हा फोन. आत्या जेवायला बसली, दोन घास खाल्ले, आणि तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं भलतंच. मी म्हटलं, साखर तपासा. ७८ आली. मी म्हटलं, "७८ ठीक आहे, ७० च्या खाली नाही. दुसरं काहीतरी असेल, उन्हाचं असेल, थांबा थोडं." हे मी पुण्यात एसीत बसून सांगत होते. मागून वहिनीचा आवाज आला, "आकडा राहू द्या तुमचा, मायचे डोळे पाहा कसे होऊन राहिले!" तिने गूळ पाण्यात कालवला आणि चमच्या-चमच्याने आत्याला पाजला. दहा-पंधरा मिनिटांत आत्या माणसांत आली. मग तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वहिनी सातवी शिकलेली आहे. त्या दिवशी तिने आकडा सोडून माणसाकडे पाहिलं, म्हणून आत्या आज आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "सकाळी तपासलं तेव्हा हात धुतले होते का?"

एप्रिल महिना, मित्रांनो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पहाटे माणसं कुठे असतात? मोहाच्या झाडाखाली. आत्या पहाटे चारपासून मोहफुलं वेचत होती. घरी येऊन ती अंगणात वाळत घातली, आणि त्याच चिकट बोटांनी साखर तपासली. आतेभावाने स्पिरिटच्या कापसाने बोट एकदा पुसलंही होतं.

रात्री मी कागद घेऊन हिशेब केला. बोटावरचा थेंब ५ मायक्रोलिटरचा धरा. साखर १०० असेल, तर त्या थेंबात ग्लुकोज असतं फक्त ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे बोटाला बाहेरून १० मायक्रोग्रॅम ग्लुकोज चिकटलेलं असलं, की आकडा २०० ने वर जातो. १० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग. आपल्या चहातल्या साखरेचा एक दाणासुद्धा याच्या कितीतरी पट जड असतो. आणि मोहफूल तर साखरेनेच भरलेलं. ३६८ मधून २०० वजा करा, आत्याची रोजची साखर येते. जपानमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये हेच तपासून पाहिलं होतं. लोकांना फळं सोलायला लावली आणि मग साखर मोजली. आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटने पुसूनही पुरेसे खाली आले नाहीत, पाण्याने हात धुतल्यावर मात्र बरोबर आले. म्हणजे स्पिरिटने जंतू मरतात, पण साखर जात नाही. साखर पाण्यात विरघळते, हे आपण पाचवीत शिकलो.

मग ७८ चं काय? जेवायला बसताना आत्याने हात धुतले होते, तरी तो आकडा बरोबर नसावा, असं डॉक्टर म्हणाले. तिचं हिमोग्लोबिन निघालं ७.४. रक्तात लाल पेशी कमी असल्या की ग्लुकोजला पट्टीवर वाट मोकळी मिळते, ते इलेक्ट्रोडकडे भराभर पोचतं, आणि आमच्यासारखी पुष्कळ मशीन खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. म्हणजे ७८ दिसत होतं तेव्हा आत्याची खरी साखर बहुधा ७० च्याही खाली होती, आणि मी "थांबा" म्हणत होते.

पट्टीच्या डबीत बारीक अक्षरात एक पत्रक असतं. आमच्या पत्रकात छापलं होतं की रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण ३० ते ५५ टक्के असेल तरच आकडा ग्राह्य धरावा. हिमोग्लोबिन ७.४ म्हणजे ते प्रमाण जेमतेम २२. त्याच पत्रकातली पहिली सूचना होती, "हात साबणाने धुऊन कोरडे करा." ते पत्रक मराठीत तपासायचं काम माझ्याकडेच होतं. सगळी ऱ्हस्व-दीर्घ मी नीट केली होती.

आपल्या भागात हे जास्त लक्षात ठेवायला हवं. गडचिरोली-चंद्रपुरात रक्तक्षय आहे, सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणीही फसवी येते, खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकते. पट्टी एकीकडे ओढते, ती तपासणी दुसरीकडे. म्हणून घरात कोणाला सिकलसेल किंवा रक्तक्षय असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, आणि साखर शिरेतल्या रक्तावर, प्रयोगशाळेतही तपासून घ्या.

नंतर आमच्या ऑफिसात मी एक मागणी केली. मोठा आकडा आला की फोनवर आधी एकच प्रश्न यावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, "हात पाण्याने धुतले होते का? धुऊन पुन्हा तपासा." वरिष्ठ म्हणाले, लोक कंटाळतील, एक पडदा वाढेल. चार महिने वाद झाला. मी शेवटी आत्याची गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. तो प्रश्न आता येतो. पुढच्या मशीनमध्ये आम्ही रक्तातून आधी उलटसुलट वाहणारा बारीक प्रवाह सोडून लाल पेशींचा अंदाज घेतो आणि आकडा दुरुस्त करतो. ही पद्धत आमचा शोध नाही, ती आधीपासून होती. आमच्याकडे ती यायला उशीर झाला.

आणखी एक आठवण, तीही ओळखण्याचीच. आपल्या वर्गात दोघा-तिघांचे दात पिवळे-तपकिरी होते, वर पट्टे. आपण त्यांना काय म्हणायचो ते इथे सांगत नाही. आपल्याला वाटायचं, ही पोरं दात घासत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि लहानपणी ते पाणी प्यायलं की दात असे होतात, घासून जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा पर्याय नसेल तर दीड मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. पाण्यातलं फ्लोराइड मोजायलाही इलेक्ट्रोडच असतो. फ्रँट आणि रॉस यांनी तो १९६६ मध्ये केला. त्याच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो आणि त्यातून फ्लोराइडच सरकू शकतं. इतका नेमका सेन्सर क्वचितच सापडतो. पण त्यालाही पाणी जास्त अल्कधर्मी असलं की हायड्रॉक्साइड फसवतं. उलट पाण्यात ॲल्युमिनियम किंवा लोह असलं तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून मोजण्याआधी पाण्यात एक ठरावीक द्रावण मिसळावंच लागतं. तेही एक प्रकारचं हात धुणंच. ज्यांना आपण चिडवलं ते मित्र आज इथे आहेत. सर्वांच्या वतीने नाही, पण माझ्यापुरती मी त्यांची माफी मागते.

आपल्यातले काही जण वेकोलित आहेत. खाणीत कार्बन मोनॉक्साइडसाठी कमरेला लावतात त्या यंत्रातही असाच सेल असतो, आणि हायड्रोजन आला तर तोही काही प्रमाणात फसतो. हे ते माझ्याहून चांगलं सांगतील.

आता घरी जाताना एवढं घेऊन जा. साखर तपासण्याआधी हात साबण-पाण्याने धुवा, कोरडे करा. धुण्याची सोय नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पट्टीची डबी घट्ट बंद ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पट्ट्या साधारण ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात. म्हणून डबी चुलीजवळ नको, गाडीच्या डिकीत नको, ओल्या माठाला टेकूनही नको. आकडा एकदम वेगळा आला तर हात धुऊन पुन्हा तपासा, आणि एका आकड्यावर इन्सुलिन वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. पुण्यातल्या बहिणीला विचारू नका. आणि समोरचं माणूस घामाने भिजलंय, थरथरतंय, भलतंच बोलतंय, पण शुद्धीवर आहे आणि गिळू शकतंय, तर मशीन काहीही म्हणो, आधी गूळ-साखर द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

आत्या बरी आहे. यंदाही मोहाला गेली होती. आता ती आधी हात धुते, आणि मला फोनवर दरवेळी सांगते, "धुतले हो पोरी, दोनदा धुतले."

शेवटी एक सूचना. आपल्या तुकडीने शाळेच्या प्रयोगशाळेसाठी पैसे गोळा केले आहेत. त्यातून कॉम्प्युटर घ्यावेत असं बहुतेकांचं म्हणणं आहे, आणि ते मीच सुचवेन अशी अपेक्षाही असेल. घ्या, पण त्याआधी एक डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र घ्या. परीक्षेच्या दिवशी ते पाणी संपलं असं कोणत्याही पोरीला म्हणावं लागू नये. आणि सर, ते यंत्र आलं की त्यातलं पहिलं पाणी तुमच्या हाताने एका नळीत घ्या आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पाणी नितळ राहिलेलं मला पाहायचं आहे.